मराठी कथात्म साहित्यातील निवेदकाची जागा : कर्जत-खालापूर परिसराच्या आधारे एक विवेचन

१

मराठी कादंबरीचा इतिहास बहुधा विषयांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. अद्भुतरम्य कादंबरी, सामाजिक कादंबरी, प्रादेशिक कादंबरी, दलित साहित्य असे त्याचे टप्पे पाडण्यात येतात आणि अध्यापनाच्या दृष्टीने ते सोयीचेही आहेत. परंतु या अनुक्रमात एक प्रश्न मागे पडतो. कथा कोणाच्या तोंडून सांगावयाची, सांगणाऱ्याला काय ठाऊक आहे व काय ठाऊक असू शकत नाही, आणि ज्याची कथा सांगावयाची त्याच्यापासून तो किती अंतरावर उभा आहे, हा तो प्रश्न होय. लेखनतंत्राच्या पुस्तकांत त्याला ‘प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी’ एवढ्या निवडीचे रूप येते व त्याचे महत्त्व तेवढ्यापुरतेच उरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, मराठीत ही निवड केवळ तंत्राची कधीच नव्हती. कादंबरीने जेव्हा जेव्हा नव्या प्रकारचे जीवन आपल्या कक्षेत घेतले, मग ते विधवेचे असो, कुणब्याचे असो, डोंगरातील ठाकराचे असो वा गावकुसाबाहेरच्या माणसाचे असो, तेव्हा तेव्हा निवेदकाची आधीची जागा अपुरी ठरली व लेखकाला ती नव्याने शोधावी लागली. हा शोध म्हणजे लेखक आणि त्याचा विषय यांमधील सामाजिक अंतराचा शोध होता.

या विवेचनासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत-खालापूर हा परिसर निवडला आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे गाव मध्यबिंदू मानले, तर पूर्वेकडे खोपोली आणि तिच्यावरच्या घाटमाथ्यावर राजमाची लागते. पश्चिमेकडे पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याचा सुळका दिसतो. खोपोलीस र. वा. दिघे यांनी शेती केली व कादंबऱ्या लिहिल्या. राजमाची आणि कर्नाळा ही दोन्ही स्थळे गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांत आली. लहानशा भूभागाच्या आधारे निवेदनाच्या भिन्न पद्धती जवळजवळ ठेवून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते. मात्र तिचा उपयोग करण्यापूर्वी या पद्धती कोठून आल्या हे पाहणे अवश्य आहे.

२

कथेतील ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही गोष्ट फ्रेंच समीक्षक जेरार झनेत याने १९७२ मध्ये शास्त्रशुद्धपणे मांडली. त्यापूर्वी हेन्री जेम्सने आपल्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांत एका पात्राच्या जाणिवेतून कथा पाहण्याचा आग्रह धरला होता व पर्सी लबक याने १९२१ मध्ये त्या आग्रहाचे शास्त्र बनविले. वेन बूथ याने १९६१ मध्ये त्याला मर्यादा घातली. लेखक कथेतून पूर्णपणे नाहीसा होऊ शकत नाही, तो केवळ वेषांतर करतो, असे त्याने दाखविले. ही चर्चा इंग्रजी व फ्रेंच कादंबरीच्या आधारे झाली. मराठीच्या संदर्भात तीत आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे. ती म्हणजे मराठीच्या व्याकरणातच निवेदकाची जागा कोरलेली असते.

याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले लिंगाचे. इंग्रजीत ‘मी’ कोण, पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी म्हणालो’ आणि ‘मी म्हणाले’ असा भेद पदोपदी होतो. सकर्मक भूतकाळात, ‘मी पत्र लिहिले’ अशा वाक्यात, तो लपतो. पण ‘मी उठले, बसले, रडले’ असे म्हणताच तो प्रकट होतो. म्हणून स्त्रीच्या तोंडून कथा सांगणाऱ्या पुरुष लेखकाला आपले वेषांतर प्रत्येक वाक्यात सांभाळावे लागते. दुसरे उदाहरण आदरार्थी रूपांचे. निवेदक कुळाला ‘तो आला’ आणि खोताला ‘ते आले’ असे म्हणू लागला, की तो स्वतः समाजात कोठे बसला आहे हे वाचकाला कळते. तृतीयपुरुषी निवेदक तटस्थ असतो ही समजूत या एका रूपाने ढळते. तिसरे उदाहरण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे. ‘आमचे गाव’ म्हणणारा निवेदक वाचकाला वेशीबाहेर उभा करतो, ‘आपले गाव’ म्हणणारा त्याला आत घेतो. ही सूक्ष्मता ज्या भाषांत नाही त्यांतील लेखकाला ती अन्य उपायांनी साधावी लागते.

३

कोणी पाहिले व कोणी सांगितले याविषयीची दक्षता मराठी गद्याला अगदी आरंभापासून परिचित आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या व ऐकलेल्या माणसांकडून. श्रद्धेच्या पोटी का होईना, कथनाचा साक्षीदार कोण ही गोष्ट तेथे महत्त्वाची मानलेली आहे. बखरीत ही दक्षता राहिली नाही. बखरकार कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहितो. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजारामाच्या आज्ञेवरून लिहिली. आज्ञा करणारा धनी हा तेथे पहिला वाचक असतो. पण एकदा कथन सुरू झाले, की बखरकार बंद दालनातील खलबतेही संवादरूपाने सांगतो आणि ती आपणांस कशी कळली हे सांगण्याची गरज त्याला भासत नाही. सर्वज्ञ निवेदकाचा देशी वारसा शोधावयाचा तर तो येथे सापडतो; त्याचे सगळेच श्रेय इंग्रजी कादंबरीला देणे बरोबर होणार नाही.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पहिल्या मराठी कादंबरीत विषय विधवांच्या दुःखाचा आहे, पण सांगणारा सुधारक आहे. प्रवास करणाऱ्या जोडप्याच्या निमित्ताने एकामागून एक विधवांच्या हकिकती वाचकापुढे येतात. ज्यांचे दुःख सांगावयाचे त्या स्त्रिया येथे साक्षीदार म्हणून उभ्या राहतात आणि खटला चालवितो तो लेखक. विषय नवा असूनही निवेदकाची जागा मात्र उपदेशकाचीच राहिली.

ही जागा बदलण्याचे श्रेय हरि नारायण आपटे यांना दिले पाहिजे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली व १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. तीत यमू स्वतः आपली कथा सांगते. आज ही गोष्ट सवयीची वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. ज्या स्त्रीला घरात मोठ्यांपुढे बोलण्याची मुभा नाही, तिला शेकडो पृष्ठे अखंड बोलावयास लावणे, हाच या निवडीचा मुख्य अर्थ होय. तिच्यावर होणारा अन्याय तिच्या मौनातून चालत असतो. कादंबरीचे रूप त्या मौनाला उत्तर देते. हाच विषय सर्वज्ञ निवेदकाने सांगितला असता, तर वाचकाला करुणा वाटली असती, परंतु मौन मोडल्याचा अनुभव आला नसता.

या निवडीने लेखकावर काही बंधने आली व त्या बंधनांतूनच कादंबरीचे सामर्थ्य निर्माण झाले. बालवयातील यमूला मोठ्यांच्या बोलण्याचा अर्थ कळत नाही; लिहिणाऱ्या यमूला तो कळलेला आहे. या दोन यमूंमधील अंतर वाचक सतत अनुभवतो. पुरुषांच्या बैठकीत काय ठरले हे तिला थेट कळू शकत नाही. ते दाराआडून, पत्रातून किंवा कोणाच्या तरी सांगण्यातून तिच्यापर्यंत येते. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, ‘इकडून’, ‘तिकडून’ असे म्हणावयाचे, ही त्या काळच्या स्त्रीची रीत प्रथमपुरुषी निवेदनाला आपोआप चिकटते. तृतीयपुरुषी निवेदकाला मात्र ते नाव खुशाल घेता आले असते. अशा रीतीने निवेदकाच्या ज्ञानाच्या मर्यादा म्हणजेच त्या स्त्रीच्या जगण्याच्या मर्यादा, असे समीकरण हरिभाऊंनी सिद्ध केले. मराठी कादंबरीतील दृष्टिबिंदूची खरी सुरुवात येथे मानावयास हरकत नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. यमूच्या ‘मी’च्या मागे लेखणी पुरुषाची होती. तिच्या जागी बसण्याइतकी सहानुभूती लेखकाजवळ होती. पण ती स्वतः लिहू शकत नव्हती म्हणून दुसऱ्याने लिहिले, हे सत्य कलेने झाकले जात नाही. पुढील इतिहासात ही परिस्थिती वेगवेगळ्या रूपांनी पुनःपुन्हा उद्भवते.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रयोगांचा येथे थोडक्यात निर्देश पुरेसा आहे. वामन मल्हार जोशी यांनी ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) ही कादंबरी पत्रांच्या रूपाने लिहिली. पत्रलेखक अनेक असल्यामुळे एकाच घटनेला अनेक बाजू मिळतात व कोणा एकाचे मत अंतिम ठरत नाही. वाद हा ज्यांच्या लेखनाचा प्राण, त्या वामनरावांना ही रीत मानवावी हे स्वाभाविक होते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुशिक्षित अविवाहित स्त्रीचे मन आता स्त्रीच्याच लेखणीतून प्रकट झाले. परंतु लेखिकेला आपले नाव बरीच वर्षे गुप्त ठेवावे लागले. निवेदन मोकळे झाले होते, पण लेखिकेला नाव उघड करण्याइतका मोकळेपणा समाजात नव्हता. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मध्ये नायक स्वतःची कथा सांगतो आणि सांगता सांगता स्वतःच्या भावनिक दुबळेपणाची साक्ष देतो. निवेदकाच्या शब्दाकडे संशयाने पाहावयास तो वाचकाला शिकवितो.

याच काळात ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाने कथालेखनाच्या तंत्राचा पद्धतशीर विचार मराठीत रूढ केला. त्यामुळे लेखकवर्गाला शिस्त लागली हे मान्य केले पाहिजे. मात्र तंत्र हे विषयापासून सुटे करता येते, अशी धारणाही त्याबरोबर बळावली. निवेदनपद्धती ही कथा रंजक करण्याचे साधन आहे असे मानले, की कोणाची कथा कोणी सांगावयाची हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. शहरी मध्यमवर्गीय जीवनाविषयी, शहरी मध्यमवर्गीय लेखकाने, त्याच वर्गातील वाचकासाठी लिहिले, तेथे ही धारणा फारशी अडली नाही. ती अडली ती कादंबरी गावात व रानात गेली तेव्हा.

५

र. वा. दिघे (१८९६-१९८०) यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांचा जन्म कल्याणचा व शिक्षण वकिलीचे. पुढे खोपोलीस स्थायिक होऊन त्यांनी शेती केली. १९४० च्या सुमारास आलेली ‘पाणकळा’, त्यानंतरची ‘सराई’ (१९४३), पुढे ‘आई आहे शेतात’ आणि ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांनी शेतकऱ्याला नायकपद दिले. शीर्षकांवरूनच दिसते की, काळाची गणना येथे पंचांगाने वा घड्याळाने होत नसून पावसाने व पिकाने होते. शेती करणाऱ्या लेखकालाच सुचावे असे हे भान आहे.

परंतु दिघे यांनी निवेदनासाठी स्वीकारलेली जागा सर्वज्ञ तृतीयपुरुषी लेखकाची होती. पात्रे आपल्या बोलीत बोलतात. निवेदक ग्रांथिक, रसाळ व अनेकदा काव्यमय मराठीत निसर्ग आणि प्रसंग वर्णितो. परिणामी पुस्तकाच्या प्रत्येक पृष्ठावर दोन भाषा शेजारी शेजारी राहतात. अवतरणचिन्हांच्या आत शेतकरी आहे, बाहेर सुशिक्षित लेखक आहे. शेतकऱ्याचे सुखदुःख निवेदक जवळून जाणतो. पण त्या सुखदुःखाचा अर्थ लावण्याचे काम शेतकऱ्याच्या भाषेकडे सोपविलेले नाही. झनेतच्या परिभाषेत मांडावयाचे तर येथे पाहण्यात शेतकऱ्याचा वाटा आहे, बोलण्यात मात्र लेखकाचाच अंमल चालतो. हा दोष एकट्या दिघ्यांचा नव्हे. ग्रामीण जीवन प्रथमच शहरी वाचकापुढे नेणाऱ्या लेखकाला दुभाष्याची भूमिका पत्करावीच लागते, आणि त्या काळी ती पत्करणारे फार थोडे होते. श्री. म. माटे यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१) मध्येही अंतरंग उपेक्षितांचे असले, तरी ते उलगडणारा निवेदक कळवळ्याने बोलणारा सुधारकच आहे.

हे दुभाषेपण कसे हाताळावे याची दोन उत्तरे १९५५ या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्यांनी दिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त निवेदक हा धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण शिक्षक आहे. तो बाहेरचा आहे आणि ते लपवीत नाही. वस्तीचे व्यवहार त्याला हळूहळू कळतात, काही कळतच नाहीत. त्याच्या चुका व गैरसमज हे कथेचे भाग होतात. त्याची भाषा शिकलेल्या माणसाची आहे, पण ती तशी असण्याचे कारण कथेतच आहे. दिघ्यांच्या निवेदनात जे अंतर अनुच्चारित होते, ते माडगूळकरांनी पात्राच्या रूपाने कथेत आणून बसविले. त्यामुळे वाचकही शिक्षकाबरोबर वस्तीत उतरतो व त्याच्याइतकेच जाणतो.

गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’ने उलट मार्ग धरला. तेथे कथा सांगते ती गावातलीच गृहिणी, अंबावहिनी. तिचे नावच नात्याचे आहे. ती कोणाची तरी वहिनी म्हणून गावाला ठाऊक आहे आणि गावाकडे ती त्या नात्यांच्या जाळ्यातून पाहते. तिच्या भाषेत कोकणी घराचा गंध आहे, आणि निवेदन व संवाद यांमधील भिंत त्यामुळे बव्हंशी पडली आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, दांडेकरांचा जन्म विदर्भात परतवाड्यास झाला होता. परप्रांतात जन्मलेल्या पुरुषाने कोकणातील स्त्रीच्या ‘मी’त प्रवेश केला. हरिभाऊंनी जे लिंगभेदाचे अंतर ओलांडले, त्यात येथे प्रदेशाच्या अंतराची भर पडली. हे यश भाषा कानांनी साठविण्याच्या लेखकाच्या असाधारण क्षमतेचे आहे. पण ‘दुसऱ्याचा मी’ या प्रश्नाचे ते अंतिम उत्तर मानता येणार नाही.

याच दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ (१९५८) लिहिताना मात्र प्रथमपुरुष नाकारला. मुंबईत आयुष्य घालवलेला म्हातारा बुधा राजमाचीवर परततो आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर, झाडे, पाखरे व जनावरे यांच्या सोबतीने राहतो, एवढेच या कादंबरीचे कथानक. बुधाला ‘मी’ देणे सहज शक्य होते. परंतु तो कोणाला सांगणार? माचीवर ऐकणारे कोणी नाही, आणि सांगावे अशी त्याची वृत्तीही नाही. आत्मकथनाला श्रोता लागतो. एकाकी, अबोल माणसाच्या तोंडी दीर्घ निवेदन घातले, की त्याचा एकाकीपणाच खोटा ठरतो. म्हणून निवेदक तृतीयपुरुषी राहतो. मात्र तो बखरकारासारखा उंचावर बसत नाही; बुधाच्या नजरेच्या पातळीवर उतरून, त्याला दिसते तेच पुष्कळ अंशी पाहतो. प्रथमपुरुष म्हणजे जवळीक आणि तृतीयपुरुष म्हणजे दुरावा, हा पाठ्यपुस्तकी नियम येथे टिकत नाही. ‘पडघवली’ आणि ‘माचीवरला बुधा’ यांत लेखक एकच, अंतर तीन वर्षांचे, आणि निवड परस्परविरुद्ध. दोन्ही ठिकाणी ती पात्राच्या स्वभावातून निघालेली आहे.

कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांवरची ‘जैत रे जैत’ ही दांडेकरांचीच कादंबरी पुढील दशकातील आहे. ठाकर समाजाविषयी शास्त्रीय माहिती तोवर उपलब्ध झाली होती, ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी अभ्यासग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. मानववंशशास्त्रज्ञ नोंद करतो तेव्हा त्याचे बाहेरचेपण ही त्याची शिस्त असते. कादंबरीकाराला ती सवलत नाही. मधमाश्यांच्या पोळ्यावर चढणाऱ्या ठाकराचा देव, त्याची भीती व त्याची जिद्द ही त्याच्या दृष्टीने खरी आहेत. निवेदकाने क्षणभर जरी ‘हा यांचा भोळा समज’ असा सूर लावला, तरी कथा कोसळते. १९७७ मध्ये जब्बार पटेल यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा कथनाचा मोठा भार गीतांकडे गेला. ज्या समाजात कथा गाऊन व नाचून सांगितल्या जातात, त्याची कथा सांगण्यासाठी गद्य निवेदकापेक्षा गाणारा समूह अधिक योग्य ठरावा, ही गोष्ट कादंबरीच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारी आहे.

६

वरील सर्व उदाहरणांत लेखक बाहेरचा आहे, मग तो कितीही जवळ आलेला असो. १९६० नंतर ही परिस्थिती पालटू लागली. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षकातच ‘मी’ आहे. जात लपवून राहणाऱ्या माणसाने स्वतः सांगितलेल्या कथेत दृष्टिबिंदू हाच कथेचा ताण होतो. वाचकाला जे ठाऊक आहे ते भोवतालच्या पात्रांना ठाऊक नाही, आणि ते त्यांना कळण्याचा क्षण म्हणजे संकटाचा क्षण. तंत्र आणि विषय यांची अशी एकरूपता मराठी कथेत पूर्वी दुर्मिळ होती. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू आपली कहाणी दया पवार या शिकलेल्या माणसाला सांगतो. दोघेही एकच व्यक्ती आहेत. शिक्षणाने एका माणसात निर्माण केलेली दुफळी येथे निवेदनाच्या रचनेतच मांडलेली आहे. दिघ्यांच्या पृष्ठावर लेखक व शेतकरी यांमध्ये जी भिंत होती, ती आता एकाच मनाच्या आत उभी राहिली. आतल्या माणसाने लिहिले म्हणजे अंतर संपते, ही अपेक्षा त्यामुळे सोपी ठरते. अंतर संपत नाही. ते कोठे आहे हे लेखकाला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असते, एवढाच फरक पडतो, आणि तो मोठा आहे.

आदिवासी जीवनाच्या बाबतीत हा पालट आणखी उशिरा झाला. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे वारल्यांच्या लढ्याचे कथन प्रथमपुरुषी आहे, पण तो ‘मी’ संघटना बांधावयास आलेल्या कार्यकर्तीचा आहे. तिने आपली जागा स्पष्ट सांगितल्यामुळे तिच्या साक्षीला वजन येते. नजुबाई गावित यांच्या ‘तृष्णा’सारख्या लेखनाने आदिवासी स्त्रीचे जीवन आतून मांडले, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. यमूपासून येथवर येण्यास मराठी साहित्याला सुमारे १०० वर्षे लागली.

७

आता मोहोपाड्याकडे वळता येईल. पाताळगंगेच्या खोऱ्यातील हा भाग मूळचा भातशेतीचा. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी त्यातून पाताळगंगेत वाहू लागले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली व तिचा कारखाना मोहोपाड्यालगत उभा राहिला. ‘रसायनी’ हे नावच त्या उद्योगाची खूण सांगते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे भाताचे खाचर, कारखान्याचा भोंगा आणि भोंगा थांबल्यानंतरची शांतता या तिन्ही अवस्था एकाच दीर्घायुषी माणसाच्या आयुष्यात मावतात. असा विषय हाती घेणाऱ्या लेखकापुढे निवेदनाचा प्रश्न कसा उभा राहतो, हे काल्पनिक वाक्यांच्या साहाय्याने दाखविता येईल.

‘खाचरे कारखान्याकडे गेली त्या दिवशी गणू बांधावर उभा होता; पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन हातची जाताना पाहून त्याचे हृदय विदीर्ण झाले.’ हे दिघे यांच्या पिढीच्या परंपरेतील निवेदन होय. दुःख सांगितले आहे, पण ‘विदीर्ण’ हा शब्द गणूचा नाही. ‘आमची खाचरं गेली तवा मी बांधावर हुतो.’ येथे गणू स्वतः बोलतो. मात्र तो कोणापुढे व कशासाठी बोलत आहे हे लेखकाने ठरविले नाही, तर हा ‘मी’ कृत्रिम होतो. मोजणीदारापुढे, नातवापुढे आणि न्यायालयापुढे गणू हेच वाक्य तीन निराळ्या रीतींनी बोलेल. ‘गणू बांधावर उभा होता. मोजणीची साखळी खाचरातून सरकत होती. पुढल्या साली राब कुठं भाजायचा?’ येथे निवेदक तृतीयपुरुषी आहे, पण तिसरे वाक्य गणूचे आहे. अवतरणचिन्ह नाही, ‘असे त्याला वाटले’ हे शब्द नाहीत. तरी ज्याने राब भाजला आहे त्याचीच ही चिंता आहे, हे वाचकाला कळते. भावनेचे नाव न घेता ती कामाच्या शब्दातून येते. ‘आम्ही त्या साली राब भाजला नाही’ असा चौथा पर्यायही आहे. त्यात सारा गाव निवेदक होतो. परंतु गावातील कोण त्या ‘आम्ही’त बसतो, कोणाला जमीनच नव्हती म्हणून तो बाहेर राहतो, हे लेखकाला पाहावे लागेल. रानात लाकूडफाटा गोळा करणाऱ्या कातकऱ्याचा त्या ‘आम्ही’त समावेश आहे काय, हा प्रश्न व्याकरणाचा दिसला तरी इतिहासाचा आहे.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो याचे उदाहरण याच तालुक्यात घडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. अहवाल व वृत्तपत्रे यांनी या घटनेची नोंद बाहेरून घेतली आणि तेच त्यांचे काम होते. परंतु त्या संध्याकाळी वस्तीत कोणत्या घरी काय शिजत होते, कोण पावसाकडे पाहून काय म्हणाले, हे सांगणारी साक्ष बहुतांशी त्या दरडीखालीच राहिली. उद्या एखाद्या लेखकाने हा विषय घेतला, तर ‘मी’ म्हणण्याचा अधिकार त्याला सहजासहजी मिळणार नाही, आणि सर्वज्ञतेचा आव आणणे तर अनुचितच ठरेल. वाचलेल्यांपैकी एकाची मर्यादित नजर, ‘बनगरवाडी’तल्याप्रमाणे आपले बाहेरचेपण कबूल करणारा निवेदक, किंवा अनेक साक्षी जशाच्या तशा शेजारी ठेवणारी लीळाचरित्राची जुनी रीत, असे मार्ग त्याच्यापुढे आहेत. यांपैकी कोणताही निवडला, तरी निवेदकाला जे ठाऊक असणे शक्य नाही ते रिकामे सोडण्याचे धैर्य त्याला दाखवावे लागेल.

८

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रथमपुरुष व तृतीयपुरुष ही निवेदनाची वरवरची विभागणी आहे. निर्णायक गोष्ट म्हणजे निवेदकाच्या ज्ञानाची सीमा कोठे आखली आहे आणि ती शेवटपर्यंत पाळली आहे की नाही. दुसरा निष्कर्ष असा की, मराठीत निवेदनाची भाषा व पात्रांची भाषा यांमधील अंतर हे लेखक व विषय यांमधील सामाजिक अंतराचे सर्वांत विश्वसनीय माप आहे. क्रियापदाचे लिंग, आदराचे रूप, ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची निवड या ठिकाणी ते अंतर लेखकाच्या नकळत उघडे पडते. तिसरा निष्कर्ष असा की, हे अंतर शून्य करणे हे कलेचे ध्येय मानण्याचे कारण नाही. हरिभाऊ, माडगूळकर, दांडेकर आणि पवार यांच्या यशाचे मर्म अंतर नाहीसे करण्यात नसून त्याचा योग्य हिशेब ठेवण्यात आहे.

प्रादेशिक कादंबरीचा अभ्यास आजवर प्रदेशवर्णन, बोली आणि रूढी यांच्या नोंदींच्या अंगाने बराच झालेला आहे. त्याच कादंबऱ्यांत निवेदक कोणत्या पात्राला कोणत्या सर्वनामाने संबोधितो, कोणाच्या मनात प्रवेश करतो व कोणाच्या मनाच्या उंबरठ्यावर थांबतो, याची नोंद प्रकरणवार केली, तर त्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचे एक नवे साधन हाती येईल. दिघ्यांच्या खोपोलीपासून दांडेकरांच्या कर्नाळ्यापर्यंतचा हा पट्टा अशा अभ्यासाच्या आरंभासाठी पुरेसा समृद्ध आहे.